मनाचे शास्त्र आणि पोटाचा प्रश्न

बारावीचे निकाल लागले की या सदराच्या टपालात दर वर्षी एका ठरावीक मजकुराची पत्रे येऊ लागतात. अक्षर बहुधा वडिलांचे असते आणि काळजी आईची. "आमची मुलगी बी. ए.ला मानसशास्त्र घेते म्हणते. विषय चांगला आहे असे ऐकतो. पण पुढे काय?" यातले शेवटचे दोन शब्द अधोरेखित केलेले असतात, कधी कधी दोनदा.

वस्तुतः मी मराठीचा अध्यापक. मानसशास्त्राशी माझे नाते म्हणाल तर आमच्या स्टाफरूममध्ये त्या विषयाच्या बाईंचे टेबल माझ्या टेबलाशेजारी आहे, एवढेच. तरीही वाचक हा प्रश्न मला विचारतात आणि मलाही तो परका वाटत नाही. "मराठी घेऊन पुढे काय?" हे वाक्य मी विद्यार्थीदशेपासून ऐकत आलो आहे. दोन्ही विषयांचे दुखणे एकच. मराठी सगळ्यांनाच येते आणि मन सगळ्यांनाच असते. जी वस्तू घरोघर फुकट आहे ती शिकायला वर्षे आणि पैसे कशाला घालवायचे, असे व्यवहारी माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

त्यातून मानसशास्त्राबद्दल आपल्या घरांत तीन समजुती पक्क्या आहेत. पहिली, हा विषय घेतलेल्याला दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते. लग्नाच्या पंगतीत एखाद्या मुलीने आपला विषय सांगितला की कोणी तरी काका लगेच पुढे सरसावतात, "सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" (त्यांच्या मनात जिलबी चाललेली असते. ते ओळखायला शास्त्र लागत नाही.) दुसरी समजूत, हा विषय म्हणजे वेड्यांचा डॉक्टर होण्याची जवळची वाट. आणि तिसरी, ज्याला दुसरे काही झेपत नाही त्याने पदवी पदरात पाडून घेण्यासाठी हा विषय घ्यावा. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. परंतु एवढे सांगून "पुढे काय"चे उत्तर होत नाही. ते उत्तर नीट शोधून काढण्याची वेळ माझ्यावर आली ती गेल्या भाऊबिजेला, चकलांब्याला.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, सासर तिथे आहे. दाजींची शेती बेताची. पाऊस झाला तर कापूस, तूर. त्यांची मधली मुलगी त्याच वर्षी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली होती आणि निकालापासून घरीच होती. ओवाळणी झाली, फराळाचे ताट पुढे आले, आणि दाजींनी सरळ विषयाला हात घातला.

"पाव्हणं, तुम्ही कॉलेजात शिकविता म्हणून इचारतो. तीन वर्सं झाली. आता ही पोरगी डॉक्टर झाली का नाही, तेवढं सांगा."

"डॉक्टर नाही झाली, दाजी."

"मग मास्तरीण?"

"तीही नाही अजून."

"मग झाली तरी काय?"

अक्का आतून ऐकत होती. भाची दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मामा, खरं काय असंल ते सांगा. मलाबी कळू द्या."

प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. दोन स्थळे येऊन गेली होती आणि तिसऱ्याला होकार द्यावा असे दाजींच्या मनात होते. शिक्षणाला पुढे काही अर्थ असेल तर ते थांबणार होते. नसेल तर उगाच वर्षे का घालवावी, हे त्यांचे म्हणणे बापाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. अशा वेळी गोड बोलून वेळ मारून नेणे म्हणजे मुलीशीही अन्याय आणि बापाशीही. मी त्यांच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली, परत आलो आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कामाला लावले. त्यातून जे हाती आले ते आता वाचकांपुढे ठेवतो.

आधी कडू भाग. मानसिक आजारावर औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, एम. बी. बी. एस. झाल्यावर तो त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतो. बी. ए.ची वाट तिकडे जात नाही. दुसरा असतो चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. तो औषध देत नाही. चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि संवादातून उपचार करतो. या वाटेने बी. ए. झालेल्याला जाता येते, पण मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे या व्यवसायाची नोंदणी सोपवली आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतले प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. आजवर हे प्रशिक्षण बहुधा एम. फिल. या नावाने होत असे. अलीकडे अभ्यासक्रमांची नावे आणि रचना बदलत आहेत. म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्यावे. जाहिरातीवर विसंबू नये. जागा थोड्या असतात आणि उमेदवार पुष्कळ, हेही आधीच समजून असावे.

२०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि तो २०१८ पासून अमलात आला. या क्षेत्रात कोणाला काय म्हणवून घेता येईल याची चौकट त्यामुळे अधिक स्पष्ट झाली आहे. तेव्हा नुसत्या बी. ए.वर, किंवा त्याला शनिवार-रविवारच्या एखाद्या वर्गाचे प्रमाणपत्र जोडून, दारावर "मानसोपचार" अशी पाटी लावणे सर्वथा गैर आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण अशा पाट्या शहरांतून वाढत आहेत आणि त्या पाटीमागे बसणाऱ्यापेक्षा पाटी वाचून आत जाणाऱ्याचे नुकसान मोठे असते.

एवढे वाचून काही पालक म्हणतील, मग नकोच तो विषय. थोडे थांबावे. पदवी काय देत नाही ते सांगून झाले. ती काय देते तेही पाहू.

मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे निघाले ते १८७९ मध्ये. त्या वर्षी जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मनोव्यापारांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. मनाविषयी नुसते बोलायचे नाही. पाहायचे, मोजायचे आणि लिहून ठेवायचे, हा त्यांचा बाणा. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात हा विषय १९१६ च्या सुमारास स्वतंत्रपणे शिकवला जाऊ लागला. आजही बी. ए.च्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिके असतात, संख्याशास्त्र असते. मुले त्याला कंटाळतात. "मन शिकायला आलो आणि गणित मागे लागले" अशी त्यांची तक्रार असते. परंतु माझ्या शेजारच्या बाई म्हणतात त्याप्रमाणे, पदवीतला टिकाऊ भाग तोच. फ्रॉइडची मते चार पुस्तके वाचून कोणालाही सांगता येतात. एका माणसाने काय केले हे आपले मत न मिसळता लिहून काढणे मात्र शिकल्याशिवाय येत नाही.

याचे एक जुने उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. मुलांच्या बुद्धिमापनाची पहिली नामांकित चाचणी बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी तयार केली. पुढे धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी तिची आवृत्ती सिद्ध केली. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघाले. या कामात नुसते भाषांतर उपयोगी पडत नाही. पॅरिसच्या मुलाला जे रोज दिसते ते आपल्या मुलाने पाहिलेलेही नसते; म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून पारखून घ्यावा लागतो. मराठीचा अध्यापक म्हणून मला यात फार गोडी वाटते. शास्त्र बाहेरून आले तरी माणूस इथला आहे, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेतच बोलावे लागते.

आता गरजेचा विचार करू. २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. (आपले राज्य त्या बारांत नव्हते, पण आपण काही निराळ्या मातीचे नाही.) त्या वेळी प्रौढांपैकी शंभरांत १० ते ११ जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळे विकार धरले तर ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. एवढ्या माणसांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. मग मधल्या जागेत कोणी उभे राहायचे?

या प्रश्नाचे उत्तर गोव्यात प्रयोग करून पाहिले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगाथ' या संस्थेमार्फत १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी स्थानिक पदवीधर स्त्रियांना समुपदेशक म्हणून नेमले. त्यांना आरोग्यक्षेत्राचा पूर्वानुभव नव्हता. सुमारे दोन महिन्यांचे पद्धतशीर शिक्षण देऊन त्यांना तयार केले होते. त्यांनी रुग्णाचे ऐकून घ्यायचे, त्याला होणारा त्रास काय आहे ते समजावून सांगायचे, श्वासाचे साधे व्यायाम शिकवायचे, औषध चालू असेल तर ते मधेच सुटू नये म्हणून पाठपुरावा करायचा. वर डॉक्टर होते आणि देखरेखीला मनोविकारतज्ज्ञ. एकंदर २,७९६ रुग्णांचा हा अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत, निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी, जिथे ही समुपदेशक बाई होती तिथे सहा महिन्यांनी शंभरांत सुमारे ६६ जण बरे झाले होते; जिथे ती नव्हती तिथे सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

पुढे विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत याच धर्तीचे काम झाले. गावातलेच कार्यकर्ते, त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि ठरावीक दिवशी येणारे डॉक्टर, अशी ती साखळी होती. आधी नैराश्याने त्रस्त असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार मदतीसाठी कोणाकडे जात. दीड वर्षाने हे प्रमाण २७ वर गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या ज्या भागातून येतात त्या भागात ही वाढ लहान नव्हे.

यावर कोणी चाणाक्ष वाचक विचारील, "दोन महिन्यांत पदवीधर बाई तयार होत असेल तर मग तीन वर्षे मानसशास्त्र कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्या बायका एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागे शिकवणारे, दर आठवड्याला चुका दाखवणारे, अवघड रुग्ण स्वतःकडे घेणारे लोक होते. ते लोक कुठून तरी यावे लागतात. आज दोन महिन्यांत शिकून कामाला लागणारी आणि पुढे शिकत जाऊन उद्या दहा जणींना शिकवणारी मुलगी आपल्याला हवी असेल, तर मानसशास्त्राची पदवी ही तिची पहिली पायरी आहे.

हे सगळे मी दाजींना फोनवर सांगितले. कडू आधी, बरे नंतर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजी पोरगी अजून उंबऱ्यातच हाय म्हणा की." मी म्हटले, "हो, पण आतल्या बाजूला तोंड आहे." "बरं. एक हंगाम थांबतो. तवर तिनं काय येतंय ते दाखवावं."

हंगाम म्हणजे ऊसतोडीचा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळी सरता सरता बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांचा ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला 'उचल'. ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, माघारी यायचे नाही. मुले बरोबर नेली तर शाळा बुडते. म्हणून काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात आणि त्यांच्या खाण्याराहण्यासाठी गावोगावच्या शाळांतून हंगामी वसतिगृहे चालतात. चकलांब्याजवळच्या एका वस्तीवर अशी सोय होती. भाची तिथे संध्याकाळी मदतीला जाऊ लागली. पगार नव्हता.

तिथे तिसरीतला एक मुलगा होता. दिवसभर ठीक असे. संध्याकाळी ताट पुढे आले की काही दिवस नीट जेवी आणि काही दिवस ताट ढकलून भिंतीकडे तोंड करून बसे. कोणी त्याला हट्टी म्हणाले, कोणी आजीने लाडावलेला म्हणाले. बाहेरचे काही असेल, असेही एकाने सुचवले. भाचीने कोणाशी वाद घातला नाही. तिने चार आण्याच्या अकलेची एक गोष्ट केली, एक वही घातली. तारीख, वार, वेळ. ताट ढकलण्याआधीच्या तासात काय घडले, जवळ कोण होते, किती वेळ बसून राहिला. प्रात्यक्षिकाच्या तासाला शिकवले होते तसे. दिसले तेवढेच लिहायचे, वाटले ते लिहायचे नाही.

दोन आठवड्यांनी वही वाचताना उलगडा झाला. आई-बापाचा फोन आजोबांच्या मोबाइलवर येत असे, पण त्याला नेम नव्हता. फडातून परत यायला उशीर झाला, चार्जिंग संपले, की फोन नाही. ज्या संध्याकाळी फोन येऊन गेलेला असे त्या दिवशी पोरगा जेवे. आणि ज्या दिवशी येईल-येईल म्हणून वाट पाहण्यात संध्याकाळ जाई त्या दिवशी ताट परत जाई. भाचीने मुकादमाचा नंबर मिळवला, मुलाच्या आईशी बोलली आणि दिवस ठरवून घेतले. मंगळवार, शुक्रवार, रविवार. दोनच मिनिटे, पण चुकवायचे नाही. कॅलेंडरवर त्या तारखांना मुलाने स्वतः गोल काढले. इतर दिवशी वाट पाहायचीच नाही, हे त्याला दिसू लागले. तीन-चार आठवड्यांत ताट ढकलणे पुष्कळ कमी झाले. अजिबात थांबले नाही; मधूनमधून होई. परंतु त्याला हट्टी म्हणणे मात्र थांबले.

अक्षय्य तृतीयेला मी पुन्हा चकलांब्याला गेलो तेव्हा दाजींनी ती वही मला दाखवली. त्यांनी ती घरात जपून ठेवली होती. म्हणाले, "पाव्हणं, ह्ये समदं पुस्तकात असतंय व्हय?"

"वही कशी ठेवायची ते असतं, दाजी."

या वहीत मला, मराठीच्या माणसाला, आणखी एक गोष्ट दिसली. भाचीने आजीबाईंची वाक्ये जशीच्या तशी उतरून घेतली होती. "जिवाला करमत नाही", "काळीज धडधडतंय", "अन्न गोड लागत नाही", "डोकं जड पडलंय". परीक्षेच्या पुस्तकात याला अवसाद, दुश्चिंता असे भारदस्त शब्द आहेत. ते उत्तरपत्रिकेत शोभतात, परंतु चकलांब्याच्या आजीला "तुम्हाला दुश्चिंता आहे का?" असे विचारले तर ती म्हणेल, "तसलं काही आमच्यात नसतं बाई." आणि खरोखरच दुखणे असूनही नोंद मात्र "नाही" अशी होईल. गोव्यातल्या त्या कामातही रुग्णाशी बोलताना आजाराची भारी नावे टाळून 'टेन्शन' यासारख्या रुळलेल्या शब्दांवर भर होता, तो उगाच नव्हे. माणूस आपल्या दुखण्याला जे नाव देतो तिथून बोलणे सुरू करावे लागते. म्हणून मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझे सांगणे आहे: इंग्रजी पुस्तके वाचता आली पाहिजेत, कारण नवे ज्ञान त्यांत आहे, आणि आपल्या भागातली मराठी कान देऊन ऐकता आली पाहिजे, कारण रुग्ण तीत आहे. दोहोंपैकी एक आले तर काम अर्धेच होईल.

आता पत्रे लिहिणाऱ्या पालकांसाठी व्यवहाराच्या गोष्टी.

पहिल्या वर्षापासून जोडविषयाची निवड विचाराने करावी. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा भाषा यांची जोड चांगली. संख्याशास्त्राला घाबरू नये. संगणकावर तक्ते मांडून त्यांतून निष्कर्ष काढता येणे ही एकटी गोष्टही पुढे नोकरी देते. दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत कुठे तरी प्रत्यक्ष काम करावे. मुलांची संस्था, वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, काहीही चालेल. पण रोजची वही ठेवावी. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प दुकानातून छापून आणू नये. नव्या शैक्षणिक रचनेत चौथ्या वर्षाचा पर्याय आला आहे. ते केले तर पुढची एम. ए. एका वर्षाची होऊ शकते. घरची परिस्थिती पाहून तो हिशेब आधीच मांडावा.

पदवीनंतरच्या वाटा पुष्कळ आहेत. समुपदेशनाची किंवा चिकित्सेची एम. ए. ही एक. शाळांत समुपदेशक हवे असतात; त्यासाठी एन. सी. ई. आर. टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. विशेष मुलांना शिकवायचे असेल तर पुनर्वास परिषदेने मान्य केलेली विशेष शिक्षणाची बी. एड. आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यालाही हा पाया उपयोगी पडतो. मराठवाड्यातल्या मुलांसाठी सांगायचे तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक परिसर तुळजापूरला आहे. कारखाने आणि कंपन्यांत माणसे निवडण्याचे, शिकवण्याचे काम असते. तिकडे व्यवस्थापनाची पदवी जोडून जाता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याच्या दोन प्रश्नपत्रिका मिळून ५०० गुण असतात. पीडित स्त्रियांसाठी असलेली सखी केंद्रे, मुलांसाठी असलेली १०९८ ची सेवा, किशोरवयीनांची आरोग्य केंद्रे यांतही ऐकून घेणारी आणि नीट नोंद ठेवणारी माणसे लागतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये आणि ठाण्याची आय. पी. एच. १९९० मध्ये सुरू झाली. या संस्थांचे काम जवळून पाहिले तर पाठ्यपुस्तकातले अर्धे धडे जिवंत होतात.

तीन गोष्टी मात्र करू नयेत. घरातल्या माणसांना आजारांची नावे वाटू नयेत. "आजीला अमुक आहे, दादाला तमुक आहे" असे म्हणणारी पदवीधर घरात कोणाला नकोशी होते, आणि ते योग्यच आहे. कोणी विश्वासाने सांगितलेले दुसऱ्याच्या कानी घालू नये. आणि जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलून दाखवले, तर आपल्या विद्येची परीक्षा पाहत बसू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवण्यासारखा आहे, घरात मानसशास्त्राची विद्यार्थिनी असो वा नसो.

भाचीचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. जूनमध्ये तिने छत्रपती संभाजीनगरला एम. ए.ला प्रवेश घेतला. कापसाच्या पैशातला एक वाटा तिकडे गेला. अक्काने आपली भिशी लावली. स्थळाकडच्या मंडळींना दाजींनी दोन वर्षे थांबता का म्हणून विचारले. ते थांबले नाहीत आणि दाजींनीही ते फारसे मनाला लावून घेतले नाही. एम. ए.नंतर तिला पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचे प्रशिक्षण मिळेल की एखाद्या शाळेत ती समुपदेशक होईल, हे मी आज सांगू शकत नाही. ते सांगू लागलो तर मीही मनातले ओळखणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसेन. चकलांब्याकडेच परत यायचे आहे, असे ती म्हणते. दाजी म्हणतात, "आधी शिकू द्या, मग बघू."

तेव्हा, पालकहो, "पुढे काय" हा प्रश्न जरूर विचारा. तो विचारण्यात कमीपणा नाही. पोटाचा प्रश्न टाळून कोणतेही शास्त्र उभे राहत नाही. फक्त तो मुलीला एकदा विचारून सोडून देऊ नका. कोणती वाट, किती वर्षे, किती खर्च, संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे तिच्यासोबत बसून कागदावर मांडा. आणि या दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींत मानसशास्त्राची एखादी विद्यार्थिनी असेल, तर तिला आपल्या मनातले ओळखायला सांगू नका. या वर्षी तिने काय पाहिले आणि काय लिहून ठेवले, एवढे विचारा. चकलीचा तुकडा हातातच राहील आणि तासभर कसा गेला ते कळणार नाही.